छत्तीस भरली, पस्तीस रिकामी

आमच्या ह्यांना सगळी वस्ती मास्तर म्हणते. शाळेत हे चौथीच्या पुढे गेले नाहीत, पण गळ्यात टेप आला की शिंपी आपोआप मास्तर होतो, त्याला परीक्षा द्यावी लागत नाही. मला मात्र कुणी मास्तरीण म्हणत नाही. पस्तीस वर्षं मी त्याच दुकानात काज-बटणं करते, मापं लिहिते, गिऱ्हाइकांशी भांडते, आणि लोक दारातून डोकावून विचारतात, मावशी, मास्तर आहेत का? असो. सांगायचंय ते ह्यांच्याबद्दल, माझी कुरकुर ऐकायला तुम्ही बसलेले नाही. पण मला मध्ये आणल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, माझा नाइलाज आहे.

दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. दोन मशिनी, कापायचं टेबल, एक आरसा, आणि त्या आरशावर रोज सकाळी बोटानं नाव लिहिता येईल एवढी पांढरी पूड. समोरच कारखान्याचं फाटक आहे. तिथे पांढरा दगड दळतात, पिठासारखा बारीक. ती पूड काचेत लागते, रंगात लागते, भांडी घासायच्या पावडरीत लागते. पोती भरभरून कुठे कुठे जाते. सांडते ती आमच्याकडे येते. काळं कापड आम्ही कधी उघडं ठेवत नाही. आमच्या गल्लीत केस पांढरे व्हायला म्हातारपणाची वाट बघावी लागत नाही, दुपारचे बारा पुरतात, असं हे म्हणायचे आणि गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायची.

कारखान्याच्या कामगारांचे निळे युनिफॉर्म बावीस वर्षं आम्हीच शिवले. वर्षातून एकदा, चार दिवस, माणसं दुकानाबाहेर रांग लावायची. हे माप घेऊन आकडा मोठ्यानं सांगायचे आणि मी वहीत लिहायची. ह्यांची एक खोड आहे, ती ह्यांच्या उस्तादानं लावलेली. छातीचं माप हे दोनदा घेतात. आधी म्हणतात, 'घ्या श्वास, आणखी, आणखी, धरा.' मग म्हणतात, 'सोडा सगळा.' उस्ताद म्हणायचा, साहेबाची छाती एकदा मोजली तरी चालते, तो खुर्चीत बसतो. पण पोतं उचलणारा माणूस श्वास कोंडून उचलतो, आणि तेव्हाच काखेतली शिवण उसवते. म्हणून कष्टकऱ्याची छाती भरलेली मोजायची आणि रिकामीही मोजायची. कापायचं भरलीवर, आणि दोन्हींतला फरक बघून काखेत ढील सोडायची. दुसऱ्या कुठल्या शिंप्याकडे मी हे बघितलं नाही. मला तर हा निव्वळ वेळेचा सत्यानाश वाटायचा. दोनशे साठ माणसं, दोनदा श्वास, आणि माझा हात लिहून लिहून मोडायला आलेला.

दुसरा नियम वहीचा. वहीत खाडाखोड करायची नाही. आकडा चुकला तर तो तसाच ठेवायचा, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि खाली सही करायची, म्हणजे चूक कुणाची ते कळतं. बावीस वर्षांच्या बावीस वह्या फळीवर आहेत, सगळ्या माझ्या अक्षरातल्या.

त्या वह्यांत एक माणूस होता, त्याला सगळे पैलवान म्हणायचे. पहिल्या वर्षी तो आला तेव्हा टेप पुरेना की काय असं झालं. 'चव्वेचाळीस भरली, एक्केचाळीस रिकामी,' ह्यांनी सांगितलं, आणि रांगेतल्यांनी शिट्ट्या मारल्या. दर दोन महिन्यांनी हा बाबा काखेत फाटलेला शर्ट घेऊन हजर. मी म्हणायची, तुला पोत्याचंच कापड लावते, तेवढंच टिकेल. तो पावडर शेडमध्ये होता, म्हणजे जिथे दगड दळून पोती भरतात तिथे. तीन वर्षांनी तो काखेत फाटलेले शर्ट आणेनासा झाला. मला वाटलं, आता जपून वापरतो. पाचव्या वर्षी मी लिहिलं, बेचाळीस भरली, साडेचाळीस रिकामी. आठव्या वर्षी लिहिलं, एकोणचाळीस भरली, साडेअडतीस रिकामी. पहिल्या वर्षी तीन इंच फरक होता, आता अर्धा इंच. शर्ट त्याच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसायचा. ह्यांना ते बघवेना. ह्यांनी पाठीत दोन चुण्या घातल्या, खांद्याला आतून जाड कापड लावलं, आणि पैलवान पुन्हा पैलवान दिसायला लागला. कारखान्यात तपासणीला साहेब आले की माणसं कशी नीटनेटकी, ताठ उभी असायची. शेडमधल्या कितीतरी जणांचे शर्ट हे असेच बसवून द्यायचे. ह्यांना त्याचा अभिमान होता हो. चांगलं शिवणं म्हणजे अंगातला दोष झाकणं, हेच आयुष्यभर शिकलेले.

आता खरं सांगायचं ते सांगते. हे मोजायचे, आकडा तोंडातून निघाला की ह्यांच्या डोक्यातून जायचा, पुढचा माणूस उभा असायचा. लिहायची मी. मागच्या वर्षीची वही शेजारी उघडी असायची, नावं त्याच क्रमानं उतरवायला. त्यामुळे मला सगळं दिसायचं. फाटकावरचे, ऑफिसातले, गाडीवरचे, त्यांचा फरक दरवर्षी तेवढाच, अडीच, तीन. पावडर शेडवाल्यांचा दरवर्षी कमी. पाच-सहा वर्षं मला हे कळत होतं. मी कुणाला बोलले नाही. ह्यांनाही नाही. कारण बोललं की काहीतरी करावं लागतं, आणि काही केलं की युनिफॉर्मचं काम जातं, आणि मुख्य म्हणजे आमचे जावईबापू त्याच शेडमध्ये होते. मी भित्री बाई आहे. लहानपणापासून आहे. मोठ्यानं भांडते म्हणून लोकांना वाटत नाही, पण भांडणारी माणसंच आतून टरकलेली असतात, माझ्याकडून लिहून घ्या.

जावई माणूस म्हणजे सोनं. माझ्याशी थट्टा करणारा वस्तीतला एकटाच पुरुष. सासूबाई, तुमच्या काजातून हत्ती जाईल, असं तोंडावर म्हणायचे. सात वर्षं शेडमध्ये झाली होती त्यांना. लेकीला एक सवय लागली होती, मापं झाली की दुकानात येऊन वहीत नवऱ्याचा आकडा शोधायची आणि पोट सुटलं म्हणून त्यांना चिडवायची. त्या वर्षी तिला सातवा महिना होता. जावई रांगेत आले, ह्यांनी टेप लावला, आणि नेहमीच्या सुरात सांगितलं, 'छत्तीस भरली, पस्तीस रिकामी.'

फक्त एक इंच. मागच्या वर्षी दोन होता.  पेन कागदावर टेकलेलं, आणि लेक दाराशी पाण्याची बाटली घेऊन उभी, रांग सरली की वही उघडणार. मी लिहिलं, छत्तीस भरली, साडेतेहतीस रिकामी. अडीच इंच. कापायचं भरलीवर असतं, फार तर काखेत ढील जरा जास्त सुटणार होती, आणि ह्यांना कळणार नव्हतं. लेकीनं वही बघितली, हसली, घरी गेली. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.

दीड महिन्यात पैलवान गेला. खोकून खोकून गेला. कारखान्याच्या डॉक्टरानं कागदावर लिहिलं की विडीनं गेला. त्यानं जन्मात विडीला हात लावला नव्हता, उलट ओढणाऱ्याला शिव्या द्यायचा. त्याची बायको त्याचा नवाकोरा शर्ट घेऊन दुकानात आली, भावाला होईल असा लहान करून द्या म्हणाली. ह्यांनी पाठीतल्या चुण्या उसवल्या. आत आणखी दोन चुण्या होत्या, आदल्या वर्षी दोनच पुरल्या होत्या. ह्यांनी चारही चुण्यांची जागा टेपानं मोजली. मग म्हणाले, जुन्या वह्या काढ गं जरा.

दुपारभर हे जमिनीवर वह्या पसरून बसले. मशीन बंद. गिऱ्हाईक आलं ते मी परत पाठवलं. पाठकोऱ्या कागदावर ह्यांनी शेडमधल्या एकेकाचा फरक ओळीनं लिहिला. मी काज करत होते आणि सुई बोटात घुसत होती, कारण ह्यांचं बोट हळूहळू जावयांच्या ओळीकडे सरकत होतं. तिथे पोचले आणि ह्यांनी डोळे मिटले. 'अडीच,' म्हणाले. 'अगं, आपले जावईबापू बचावले.' आणि माझा नवरा, जो माझ्या देखत कधी रडला नव्हता, त्यानं टेपानं डोळे पुसले.

तेव्हाच सांगायचं होतं मला. तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण माणूस सुटकेनं रडत असताना त्याला काय सांगणार? उद्या सांगू म्हटलं. तो उद्या आठ महिने लांबला.

हे वह्या घेऊन सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मीही गेले, वह्या जड होत्या. बाईंनी पहिली वही उघडली, आणि आमच्याकडे अशा बघायला लागल्या की मला वाटलं काही चुकलं. म्हणाल्या, मास्तर, छाती किती फुगते हे आम्ही असंच मोजतो. दगडाची धूळ फुफ्फुसात बसते, तिथे ती फुफ्फुसाला कडक करते, मग छाती फुगत नाही, आणि एकदा कडक झालेलं पुन्हा मऊ होत नाही. कारखाना कामगारांच्या तपासण्यांचे कागद कुणाला दाखवत नाही, आणि ह्या शिंप्यानं बावीस वर्षांचे कागद फळीवर ठेवलेत. आजारी पडलेला माणूस बरा होणार नाही, पण वेळेवर शेडमधून निघाला तर आणखी बिघडणं टळू शकतं, असं त्यांनी सांगितलं. ज्यांचा फरक एक इंच किंवा कमी, त्या एकोणीस जणांची नावं बाईंनी वेगळी काढली, त्यांना गुपचूप बोलावून छातीचे फोटो काढायला सांगितलं, शेड सोडा म्हणून समजावलं. एकोणीस जणांत जावई नव्हते. ते अडीचवाले.

म्हणजे बघा, माझ्या एका आकड्यानं ते शेडमध्येच राहिले. रोज सकाळी माझ्या दुकानासमोरून फाटकात जायचे, हात करायचे. मीही हात करायची.

कारखान्याला दुसरी शेड बांधायची होती. त्यासाठी लोकांचं म्हणणं जाहीरपणे ऐकून घ्यावं लागतं असा कायदा आहे, त्याची तारीख लागली. डॉक्टरीणबाईंनी वह्यांच्या नकला वरच्या ऑफिसात आधीच पाठवल्या, आणि सुनावणीत मास्तरांनी बोलायचं असं ठरलं. ह्यांनी हो म्हटलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली तरी ज्यांची बोबडी वळते, ते सभेत बोलणार.

मग आमच्याकडे माणसं यायला लागली. पहिल्यांदा कारखान्याच्या कापड-भांडाराचा बाबू आला, जो आम्हाला निळ्या कापडाची थानं द्यायचा. बावीस वर्षांची ओळख. चहा प्यायला, आणि म्हणाला, वह्या ऑफिसात सांभाळून ठेवतो, तुमच्याकडे वाळवी लागेल. ह्यांनी सांगितलं, वाळवीलासुद्धा ही पूड मानवत नाही. बाबू हसला नाही. त्या वर्षी नवी थानं आली नाहीत.

त्यानंतर एक जण समोरच्या बाजूला मोटारसायकल लावून बसायला लागला. रोज, दुपारी दोन ते पाच. शेंगदाणे खायचा आणि दुकानाकडे बघायचा, बाकी काही नाही. कुणाला शिवी नाही, दम नाही. मी आरशात बघून त्याच्यावर लक्ष ठेवायची, तर तोही आरशातूनच माझ्याकडे बघत असायचा. माझी भूक गेली. रस्त्यावर जराशी गाडी कचकन थांबली की हातातलं खाली पडायचं. एके दिवशी तो उठला, रस्ता ओलांडून आत आला, शर्ट काढून माझ्यापुढे धरला. वरचं बटण तुटलंय म्हणाला. हे दुकानात नव्हते. मी बटण लावत होते आणि दोरा सुईत जाईना, तेव्हा त्यानंच ओवून दिला. अगदी प्रेमानं. मग म्हणाला, 'मावशी, जावई उंच शिडीवर काम करतात ना तुमचे? शिडी जुनी झालीय. जपायला सांगा.'

बटणाचे पैसे ठेवून गेला.  मी शटर अर्धं ओढून आत भिंतीला टेकून बसले, आणि हे आले तेव्हा ह्यांच्या पाया पडायची तेवढी बाकी ठेवली. सभेला जाऊ नका म्हटलं. आपल्याला काय करायचंय, गेलेले गेले, लेकीला आता तान्ही पोर आहे, आपल्याला नात आहे. बरंच काही म्हटलं. त्यातलं अर्धं जावयांच्या शिडीबद्दल होतं, आणि अर्धं त्या आकड्याबद्दल, पण तो आकडा काही तोंडातून बाहेर पडला नाही. सभेत वही उघडली की कुणीतरी ती ओळ बघणार, ही भीती मला शेंगदाणेवाल्याच्या वरची होती.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'पैलवानाच्या पाठीत चुण्या मी घातल्या. मीच झाकलं गं ते. आता उसवायला दुसरा कोण येणार?'  त्यांचा दोष चुण्यांचा, माझा त्याहून मोठा, आणि ते मलाच धीर देत होते.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. लहान पोरांचे बाक, त्यांत मोठी माणसं गुडघे अडकवून बसलेली. पुढे टेबलामागे वरच्या ऑफिसच्या अधिकारी बाई, एक लिहून घेणारा, आणि एका बाजूला कारखान्याचा तरुण मॅनेजर, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला. शर्ट बाहेरगावी शिवलेला होता, काखेत चुकला होता, हे मी तेवढ्यातही बघून घेतलं. लेक पोरीला मांडीवर घेऊन तिसऱ्या बाकावर. शेजारी जावई. पाळी सुटताच आले होते, कपाळावर पूड तशीच. मागे दाराला टेकून शेंगदाणेवाला.

ह्यांनी वाचलं.  कुणाचं नाव न घेता, पहिल्या वर्षी इतका, दहाव्या वर्षी इतका.  माणसं नकळत स्वतःच्या छातीवर हात ठेवत होती. अधिकारी बाईंनी चष्मा काढला आणि पुसला. मला वाटलं, झालं, सुटलो.

मग मॅनेजर उठला. त्याच्या हातात वरच्या ऑफिसात पाठवलेल्या त्याच नकला होत्या. फार नम्रपणे बोलला. म्हणाला, मास्तर मेहनती आहेत, पण शिंपी आहेत, डॉक्टर नाहीत. आणि मग त्यानं एक पान वर धरलं. हे नाव कुणाचं, विचारलं. ह्यांनी सांगितलं, माझ्या जावयांचं. शेडमध्ये किती वर्षं? सात, आता आठवं. मग वाचून दाखवा फरक. ह्यांनी वाचला, अडीच इंच. मॅनेजर सगळ्यांकडे वळला. 'म्हणजे आमची पूड मास्तरांच्या घरच्या माणसाला ओळखते. त्यांच्या छातीत शिरत नाही.'

लोक हसले. मागून मोठ्यानं हसले, मग मधलेही हसले, भीतीनं बसलेल्या माणसाला हसायला निमित्तच लागतं. लिहून घेणाऱ्यानं पेन खाली ठेवलं. हे वहीकडे बघत उभे होते. बावीस वर्षं, पैलवान, एकोणीस माणसं, सगळं त्या एका ओळीवर येऊन आपटलं होतं. मग ह्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. माप लिहिलंस का, असं विचारायला बघतात ना, तसं.

मी उठले. उठले म्हणजे बाकात अडकले होते, ती धडपडत बाहेर आले.  तिथूनच मी मोठ्यानं बोलले.

'ते मी खोटं लिहिलं. ह्यांनी सांगितलं होतं छत्तीस भरली, पस्तीस रिकामी. मी साडेतेहतीस लिहिलं. ह्यांना माहीत नव्हतं. बाकीची बावीस वर्षं खरी आहेत. मोजा त्यांना. आत्ता मोजा.'

मॅनेजर म्हणाला, हे ठरवून आलेत. अधिकारी बाई म्हणाल्या, टेप आहे का? ह्यांच्या गळ्यात होताच, तो कधी नसतो? जावई पुढे आले. मला वाटलं होतं ते माझ्याकडे बघणार नाहीत. बघितलं. शर्ट काढला, बनियनवर उभे राहिले सगळ्यांसमोर, शाळेच्या फळ्यापुढे. ह्यांनी टेप फिरवला. 'घ्या श्वास,' ह्यांनी म्हटलं. 'आणखी. आणखी.' जावई घेत होते. मानेच्या शिरा फुगल्या, खांदे वर गेले, छाती तिथेच.  'सोडा सगळा.' सोडताना खोकला लागला, तो लवकर थांबेना. अधिकारी बाई स्वतः उठून टेपाजवळ आल्या, वाकून आकडा बघितला.

ह्यांनी सांगितलं, त्याच सुरात, जसं दुकानात सांगतात. 'पस्तीस भरली, पावणेपस्तीस रिकामी.'

पाव इंच. दहा महिन्यांपूर्वी एक होता. कुणी हसलं नाही. हे तसेच उभे, टेप हातात, पुढे काही बोलेनात. मग मला कळलं, हे थांबलेत, कारण आकडा सांगितला की मी लिहायचं असतं. मी टेबलापाशी गेले, वही ओढली, चुकीचा आकडा तसाच ठेवला, शेजारी पहिला खरा लिहिला, त्याच्या शेजारी आजचा, आणि खाली सही केली. अक्षर इतकं वाईट कधी आलं नव्हतं.

मागे वळले तर लेक उभी. पोर खांद्यावर झोपलेली. तिनं वहीतल्या तीन आकड्यांवर एकेक करून बोट ठेवलं.

'आई, तुला माहीत होतं,' ती म्हणाली. 'रोज सकाळी तू ह्यांना हात करायचीस.'

मी हो म्हटलं. 

त्याला आता वर्ष होईल. दुसरी शेड थांबलीय, कायमची की तात्पुरती ते कुणी सांगत नाही. शेडमधल्या सगळ्यांचे फोटो निघाले, एकोणीसचे त्रेचाळीस झाले. युनिफॉर्मचं काम गेलं ते गेलंच. मोटारसायकल मध्ये दोन महिने नव्हती, परवापासून पुन्हा दिसते, आणि माझा जीव पुन्हा टांगणीला लागलाय. हे म्हणतात, बसू दे, बटण तुटलं तर लावून देऊ. जावई शेडमध्ये जात नाहीत. ते आमच्याकडेच बसतात, काज करतात, दहा काजांनंतर टेकतात. मी म्हणते, जावईबापू, तुमच्या काजातून दोन हत्ती जातील. हसतात, मग खोकतात. मला त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही, ते विचारतील तर बरं होईल असं वाटतं.

महिन्याच्या पहिल्या तारखेला लेक पोरीला घेऊन येते. जावई आरशापुढे उभे राहतात, हे टेप लावतात, घ्या म्हणतात, सोडा म्हणतात. मी सवयीनं वही उघडते आणि पेन पुढे करते. लेक वही माझ्या हातातून घेते, पेन घेत नाही. पिशवीतून स्वतःचं काढते आणि आकडा स्वतः लिहिते.